मास्तरांचं बोट

"हात बांधलाय तो सोडू नका हं," सिस्टर म्हणाल्या. "सारखे झटके येतात त्यांना. काल सलाईनची सुई निघाली."

मी मान हलवली. पलंगावर हेरवाडकर मास्तर होते आणि त्यांच्या तोंडाकडे बघायचा मला धीर होत नव्हता. तोंडातून जाड नळी घशात गेलेली, पापण्या आपणहून मिटत नाहीत म्हणून त्यांच्यावर चिकटपट्टी, आणि उशाशी श्वास देणारं यंत्र एका ठेक्यात सुस्कारे टाकत होतं. दहा दिवसांपूर्वी याच माणसानं माझ्या दुकानात येऊन चारचौघांत मला आळशी म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी मी माल आणायला हुबळीला गेलो, तिथं आत्याकडे मुक्काम लांबला, आणि परत आलो तर हे. आधी पाय बधिर झाले, मग कंबर, मग हात, मग श्वास. मज्जातंतूंचा आजार, असं डॉक्टरांनी घरच्यांना सांगितलं होतं. मेंदू शाबूत, कान शाबूत, बाकी शरीर लुळं.

तोंडाकडे बघवेना म्हणून मी हाताकडे बघत राहिलो. उजवं मनगट बँडेजच्या पट्टीनं पलंगाच्या कठड्याला बांधलं होतं. त्या हाताचं पहिलं बोट गादीवर दाबलं जात होतं आणि उचललं जात होतं. एकदा लांब, एकदा आखूड, लांब, आखूड. मग लांब, लांब, आखूड, लांब. जरा थांबून पुन्हा तेच.

ते झटके नव्हते. मास्तर 'सी क्यू' देत होते.

सी क्यू ही हॅम रेडिओवाल्यांची हाळी. हा एक नाद आहे. सरकारकडून परवाना घ्यायचा, घरात रेडिओ स्टेशन थाटायचं, छपरावर तार ताणायची आणि जगातल्या कुठल्याही अनोळखी माणसाला हाक मारायची, की कुणी ऐकतंय का, असेल त्यानं उत्तर द्यावं. ही हाक तोंडानं मारता येते, नाहीतर मोर्सच्या लिपीत, लांब-आखूड टिकटिक करून. मास्तर गादीवर बोट दाबून हाक मारत होते, पाठोपाठ स्वतःच्या स्टेशनचं नाव सांगत होते, आणि किती दिवस मारत होते देव जाणे. उत्तर म्हणून त्यांचा हात बांधला गेला होता.

मोर्स मला त्यांनीच शिकवली. मास्तर मिरज जंक्शनच्या तार ऑफिसात छत्तीस वर्षं होते. निवृत्त झाल्यावरही त्यांची टिकटिक थांबली नाही, घराच्या मागच्या खोलीत रेडिओ लावून ते रोज सकाळी जगाशी गप्पा मारत. मला खरं तर ती लिपी नकोच होती. माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान, हौस होती ती माइकवर बोलायची. पण तेव्हा मोर्सची परीक्षा दिल्याशिवाय मोठा परवाना मिळत नसे. मिनिटाला बारा शब्द. अकरा महिने त्या मागच्या खोलीत बसून मी ती लिपी घोटली, परीक्षा दिली, आणि परवाना हातात पडल्याबरोबर मोर्सची चावी, टिकटिक करायचा खटका, खणात टाकून दिली. तोंड असताना बोटं कशाला झिजवायची, असं माझं म्हणणं. जिथं आवाज खरखरीत बुडून जातो तिथून टिकटिक पोचते, हे मास्तरांनी मला शंभरदा ऐकवलं असेल. मी शंभरदा हो म्हटलं आणि माइक उचलला. आळशी म्हणाले होते ते त्यावरूनच.

लिपीबरोबर त्यांनी एक शिस्तही शिकवली होती. दुसऱ्याचा निरोप आला की जसा आला तसा पुढं द्यायचा. शब्द मोजून घ्यायचे, मोजून द्यायचे, आणि पाठवणाऱ्याला पोच द्यायची. "निरोप गोड आहे का कडू, ते चाखायला आपल्याला कुणी बसवलेलं नाही," असं म्हणायचे. बासष्ट साली त्यांच्या स्वतःच्या वडलांच्या मृत्यूची तार त्यांच्याच टेबलावर आली होती. त्यांनी ती शेवटपर्यंत उतरवून घेतली, शब्द मोजले, 'मिळाली' म्हणून पोच दिली, आणि मग उठून फलाटावर जाऊन रडले. ही गोष्ट त्यांनी मला बढाई म्हणून सांगितली नव्हती. तिसऱ्या की चौथ्या धड्यात, शिकवणीचा भाग म्हणून सांगितली होती.

मी मनगटाची पट्टी सोडली. सिस्टर काहीतरी बोलल्या, तिकडं लक्ष दिलं नाही. मास्तरांच्या तळहातावर बोट टेकून मी माझ्या स्टेशनचं नाव दिलं.

त्यांचं बोट थांबलं. मग एवढ्या वेगानं सुटलं की पहिली दोन अक्षरं सोडली तर मला काही लागलं नाही. मी शरमलो आणि 'हळू' अशी खूण दिली. ते पुन्हा थांबले आणि नवशिक्याला देतात तशा गतीनं पहिल्यापासून देऊ लागले. मास्तर मराठीच पाठवत, फक्त अक्षरं इंग्रजी. पाठ भाजते आहे, कूस बदला, एवढं वाचायला मला पाच मिनिटं लागली.

सिस्टरांना सांगितलं तेव्हा त्यांचा विश्वास बसला नाही. पण त्यांनी आणि आयाबाईंनी मिळून कूस बदलली तर पाठीवर तळहाताएवढं कातडं सोललेलं होतं. सिस्टरांनी जखम पुसून पट्टी लावली. हात मात्र त्यांनी पुन्हा बांधला नाही.

पुढचे तीन दिवस मी दुकानाचं फळकूटसुद्धा काढलं नाही. सकाळी आठला हॉस्पिटलात, संध्याकाळी सातला घरी. मास्तर काय मागत? डाव्या कानामागं पट्टा रुततो आहे. दिवा डोळ्यांवर येतो आहे, पट्टीतूनही कळतो. शालन जेवली का. शालन म्हणजे शालनकाकू, त्यांची बायको. काकू माझ्या शेजारी स्टुलावर बसून माझ्या तोंडाकडे अशा बघत राहत की मला संकोच वाटे. मी एकेक अक्षर जुळवून शब्द बोललो की त्या मास्तरांच्या कानाशी वाकून उत्तर देत. एकदा त्यांनी विचारलं, भीती वाटते का. मास्तरांनी उत्तर दिलं, वाटते. मी ते जसंच्या तसं सांगितलं. काकूंनी त्यांच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाल्या, मलापण.

बातमी सगळ्या मजल्यावर पसरली. डॉक्टर शिरगुप्पे दोन शिकाऊ डॉक्टरांना घेऊन बघायला आले. दुसऱ्या पेशंटांचे नातेवाईक दारातून डोकावत. खोटं कशाला बोलू, मला ते आवडत होतं. ज्या विद्येला मी नाक मुरडलं होतं तिच्यामुळं मी त्या खोलीतला सगळ्यात महत्त्वाचा माणूस झालो होतो. मास्तरांपाशी पोचायचा रस्ता एकच होता आणि तो माझ्या बोटातून जात होता.

चौथ्या दिवशी डॉक्टरांनी सगळ्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं. मास्तरांचा मुलगा सुहास नाशिकहून आला होता. डॉक्टर सरळ माणूस, आडपडदा न ठेवता बोलले. तोंडातली नळी आता ठेवता येणार नाही. गळ्याला भोक पाडून तिथून श्वास द्यावा लागेल, आणि मग महिनोन्महिने यंत्रावर. या आजारातून माणसं उठतात, पण ती बहुतेक तरुण. मास्तर एकाहत्तरचे, फुप्फुसात आधीच जंतुसंसर्ग. शंभरातले तीस उठतील म्हणा. उरलेल्यांचे पुढं हाल हाल होतात.

"आणि नाही केलं तर?" सुहासनं विचारलं.

"तर घरी न्या. झोपेचं औषध देतो, त्रास होणार नाही. एखादा दिवस."

सुहासनं काकूंकडे बघितलं. काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. त्यांच्या मनात घरी न्यायचं होतं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आता खात्री आहे. पण त्या म्हणाल्या, "आपण कोण ठरवणार? त्यांना बोलता येतंय की. त्यांनाच विचारू. ते म्हणतील तसं."

खरोखरच तसं ठरलं. सुहास हो म्हणाला, डॉक्टरांनीही मान डोलावली. मास्तरांचा शब्द अखेरचा. मला कुणी विचारलं नाही, आणि विचारायचं कारणही नव्हतं.

सगळे आत आलो. काकूंनी कानाशी वाकून डॉक्टरांचं बोलणं सांगितलं, त्यातले तीससुद्धा लपवले नाहीत. मग म्हणाल्या, "तुम्ही सांगाल तसं करते. सांगा."

मी त्यांचा हात हातात घेतला. बोट लगेच हललं नाही. मग हललं, आणि एकदाही न अडखळता पूर्ण निरोप दिला. पुरे झालं. नळी नको, भोक नको. शालनला सांग, घरी ने. माझ्या खोलीत. आणि शेवटी शब्दांची संख्या, तार ऑफिसातल्या रिवाजाप्रमाणे. बारा.

मी मनात मोजले. बाराच होते. मी त्यांच्या तळहातावर पोच दिली. मिळाला.

"काय म्हणाले?" काकूंनी विचारलं.

तिघंही माझ्याकडे बघत होते. हा माणूस उद्या संध्याकाळी नसेल, आणि ते माझ्या तोंडून घडेल, एवढंच मला कळत होतं. शंभरातले तीस का असेनात, त्यात मास्तर का नसावेत? आणि याखेरीज आणखी एक होतं, ते सांगायला इतकी वर्षं लागली. ते तीन दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत मोठे दिवस होते. ते संपावेत असं मला वाटत नव्हतं.

"ऑपरेशन करा म्हणतात," मी म्हणालो. "सोसेन म्हणतात."

काकूंच्या तोंडून हुंदका फुटला. त्यांनी मास्तरांच्या छातीवर डोकं ठेवलं आणि म्हणाल्या, "मी आहे हो. मी कुठं जात नाही."

मास्तरांना ऐकू येत होतं. ते मी विसरलो नव्हतो. विसरलो असतो तर आज एवढं बोचलं नसतं.

माझ्या हातातलं त्यांचं बोट हललं. आठ ठिपके, एकापाठोपाठ. मोर्समध्ये त्याचा अर्थ, चूक झाली, पुन्हा देतो. हे खरं तर पाठवणाऱ्यानं स्वतःच्या चुकीसाठी द्यायचं असतं. चूक त्यांची नव्हती. पण आपल्या विद्यार्थ्यानं पोच देऊन खोटं सांगितलं असेल हे त्यांच्या मनातच आलं नाही. त्यांना वाटलं, याला लागलं नसेल. त्यांनी ती चूक स्वतःकडे घेतली, आणि तोच निरोप पुन्हा दिला. या वेळी अगदी हळू, पहिल्या धड्यातल्या गतीनं, दोन अक्षरांमध्ये भरपूर अंतर ठेवून. जी, एच, ए, आर, आय, घरी. एखादं अक्षर सुटावं म्हटलं तरी सुटेना.

"आता काय म्हणतात?" सुहासनं विचारलं.

"थकलेत," मी म्हणालो. "काही लागत नाही."

बोट अर्ध्या अक्षरावर थांबलं.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. त्यानंतर मी रोज जायचो, तळहातावर माझ्या स्टेशनचं नाव द्यायचो, वाट बघायचो. बोट जागचं हललं नाही. डॉक्टर म्हणाले, आजार बोटापर्यंत पोचला असेल. मी ते धरून बसलो. काकू मात्र हिमतीनं उभ्या राहिल्या. ते सोसेन म्हणालेत, असं येईल त्याला सांगत. पाठीची जखम हाडापर्यंत गेली, ताप उतरेना, हातपाय वाळून काड्या झाले, तरी काकू त्यांच्या उशाशी बसून पेपर वाचून दाखवत आणि तळहात चोळत. दोन-तीन वेळा त्या मला म्हणाल्या, "जयवंता, तू गेलास की यांचं बोट हलतं रे माझ्या हातात. लांब, आखूड, असं."

"झटके असतात काकू ते," मी म्हणालो.

मास्तर एकतीस दिवसांनी गेले, हॉस्पिटलातच, यंत्र चालू असताना. सकाळची वेळ होती, मी दुकानात होतो.

चौदावा झाल्यावर काकूंनी मला बोलावून घेतलं. त्यांनी पुढं एक वही ठेवली. ताप आणि औषधं लिहायची वही, पण मागच्या बाजूनं पानंच्या पानं नुसत्या रेघा आणि ठिपके होते. कुठं पेन्सिलीनं, कुठं पेननं, वाकडेतिकडे.

"तू झटके म्हणालास. पण मला वाटलं, असू दे, लिहून ठेवावं," काकू म्हणाल्या. "लांब दाबलं की रेघ, आखूड दाबलं की ठिपका. पंचेचाळीस वर्षं ती टिकटिक कानावर पडली, पण कधी शिकले नाही बघ. वाच बरं काय म्हणतात."

मी पहिलं पान उघडलं. अंतरं चुकली होती, मधले ठिपके गळले होते, पण तेच ते इतक्या वेळा होतं की आंधळ्यालाही वाचता आलं असतं. पुढची पानं उलटायची मला गरज नव्हती. तरी उलटली.

"नीट लागत नाही काकू," मी म्हणालो. "अंतरं राहिलीत."

काकूंनी वही परत घेतली. "मग मला शिकव. मीच लावते. वेळ काय, आता वेळच आहे."

नाही कसं म्हणायचं? मी दर गुरुवारी जाऊ लागलो. मास्तरांच्याच खोलीत, त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच चावीवर. आणि मी काय केलं असेल? वहीत जी अक्षरं होती ती मागं ठेवली. टी, एम, ओ, के, डी, ही आधी. काकू भराभर शिकत होत्या, माझ्यापेक्षा कितीतरी लवकर. अडुसष्टाव्या वर्षी त्या बाईंचा कान तयार होत होता आणि मी दर गुरुवारी धडा लांबवायचो. एकदा त्यांनी विचारलं, "वहीत सगळीकडं हे चार ठिपके आहेत, ते कुठलं रे?" मी म्हणालो, ते पुढं येईल. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तसं नको. आज तेच सांग."

मी सांगितलं. त्यानंतर त्यांनी एकेक अक्षर वहीत दाखवून मागितलं आणि मी देत गेलो. शेवटचं दिलं तेव्हा श्रावण लागला होता.

पुढच्या गुरुवारी गेलो तर दार उघडं होतं. काकू टेबलाशी बसल्या होत्या, समोर वही मिटलेली. मी बसलो नाही.

"शालन, घरी ने," काकू म्हणाल्या. "पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एवढंच आहे. दुसरं काही नाही."

त्यांनी मिटलेली वही माझ्याकडे सरकवली.

"आम्ही विचारलं त्या दिवशीही हेच म्हणाले होते?"

"हो."

"तुला लागलं होतं?"

"हो. दोन्ही वेळा."

त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. त्या स्वतःच्या उजव्या तळहाताकडे बघत होत्या.

"एकतीस दिवस ते माझ्या हातात ओरडत होते जयवंता," त्या म्हणाल्या, "आणि मला वाटायचं, हात चोळलेला त्यांना बरा वाटतोय."

मी बाहेर येऊन चपला घातल्या. त्या उठल्या नाहीत. दार मीच ओढून घेतलं.